सुरमईचे वय आणि पाऱ्याची खातेवही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे समुद्री माशांतील पाऱ्याविषयी आहेत. त्यांपैकी पहिल्या पत्राच्या उत्तरात बाकीच्यांचेही बरेच काही येऊन जाते, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते आणि तिला पाचवा महिना आहे. गरोदरपणात खाऊ नयेत अशा माशांची यादी तिला तिथे मिळाली, तीत ‘किंग मॅकरेल’ हे नाव आहे. तिथल्या भारतीय दुकानात सुरमईच्या पाकिटावर ‘किंग फिश’ असे लिहिलेले असते. आमच्या घरात तीन पिढ्या सुरमई खाल्ली जाते आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळीही ती बंद नव्हती. मोठ्या माशात पारा जास्त असतो म्हणजे नेमके काय होते? लहान सुरमई चालेल का? आणि मॅकरेल म्हणजे तर बांगडा, मग बांगडाही सोडायचा का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. बांगडा सोडण्याचे कारण नाही. इंग्रजीत ‘मॅकरेल’ हे नाव एका मोठ्या कुळातील अनेक माशांना सरसकट लावले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपला बांगडा वीतभर लांबीचा, प्लवकांवर म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगणारा, थोड्या आयुष्याचा मासा आहे. अमेरिकेच्या यादीतील किंग मॅकरेल हा अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा शिकारी मासा आहे. सुरमई, म्हणजे गोव्याची इसवण, ही त्याच्याच प्रजातीगटातील असली तरी वेगळी जात आहे. सख्खी नव्हे, चुलत बहीण म्हणू या. त्यामुळे किंग मॅकरेलसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेली सरासरी, म्हणजे किलोमागे ०.७३ मिलिग्रॅम पारा, ही जशीच्या तशी सुरमईला लावता येत नाही. मात्र किंग मॅकरेल ज्या कारणांनी त्या यादीत गेला, ती तिन्ही कारणे सुरमईलाही लागू आहेत : तो दुसरे मासे खातो, आकाराने मोठा होतो आणि बरीच वर्षे जगतो.

आता मूळ प्रश्न. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात पारा एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असतो, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी. तलवार माशाच्या एक किलो मांसात तो सरासरी एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. ही दहा लाख पटींची उडी एका टप्प्यात होत नाही. कोळशाच्या भट्ट्यांतून, सोन्याच्या छोट्या खाणींतून आणि ज्वालामुखीतून निघालेला पारा वाफेच्या रूपात कित्येक महिने हवेत फिरतो आणि पावसाबरोबर समुद्रात उतरतो. या साध्या पाऱ्याचे रूपांतर काही जिवाणू मिथाइल मर्क्युरीत करतात, आणि हे काम मुख्यतः जिथे प्राणवायू कमी असतो तिथे, म्हणजे तळाच्या गाळात आणि खुल्या समुद्रात काही शे मीटर खोलीवर, चालते. कोणत्या जनुकांच्या जोरावर ते हे करतात हे २०१३ साली उलगडले. सूक्ष्म वनस्पती प्लवक पाण्यातील मिथाइल मर्क्युरी शोषून घेतात, आणि सर्वांत मोठी पायरी हीच आहे. पाण्याच्या तुलनेत त्यांच्यात तिचे प्रमाण दहा हजार पट किंवा त्याहूनही जास्त होते. पुढे प्लवक खाणारा जीव, त्याला खाणारा लहान मासा, त्याला खाणारा मोठा मासा अशा प्रत्येक पायरीवर ते आणखी काही पटींनी वाढत जाते.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी शाळेत अन्नसाखळीच्या धड्यात ऐकलेली असते. वयाची गोष्ट वेगळी आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. मिथाइल मर्क्युरी स्नायूंतील प्रथिनांमध्ये जिथे गंधक असते तिथे घट्ट चिकटून बसते. माणसाच्या शरीरातून तिचा अर्धा भाग बाहेर पडायला सुमारे पन्नास दिवस लागतात. माशाला त्याच कामासाठी त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, आणि मोठ्या माशांत तो वर्षाच्या हिशेबात मोजावा लागतो. म्हणजे ही अशी खातेवही आहे की जिच्यात जमा रोज होते आणि नावे क्वचितच काही पडते.

तरीही मासा वाढतो तसे त्याचे मांसही वाढते, मग किलोमागचे प्रमाण का वाढावे? कोवळ्या वयात ते फारसे वाढतही नाही. सुरमई पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वाढते, खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा नव्या मांसात जातो आणि आलेला पारा त्या मांसात पसरून विरळ राहतो. पुढे वाढ मंदावते, पण भूक मात्र तेवढीच, किंबहुना अधिकच असते. मोठा मासा जे खातो त्यातले बहुतेक पोहण्यात आणि शरीर चालवण्यात खर्च होते. अन्न जळून जाते, पारा मागे राहतो. चुलीवर आमटी आटत असताना कुणी वरून मीठही टाकत राहावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय मासा मोठा झाला की त्याचे जेवणही बदलते. जो पूर्वी मांदेलीएवढी पोरे गिळत होता तो आता बांगडे गिळू लागतो, आणि प्रत्येक घासात येणारा पाराही वाढतो. वय, मंदावलेली वाढ आणि वाढलेले सावज अशी ही तिहेरी बेरीज आहे. म्हणून एकाच जातीच्या, एकाच पाण्यातल्या लहान आणि मोठ्या माशात पाऱ्याचे प्रमाण अनेक पटींनी वेगळे निघू शकते.

ताटातला हिशेब करून पाहू. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती ९६ मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे माप याहून कडक आहे. त्यानुसार हाच आकडा ४२ वर येतो. मांसात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असलेल्या माशाच्या दीडशे ग्रॅम तुकड्या खाल्ल्या, तर एका जेवणात ७५ मायक्रोग्रॅम आत जातात. म्हणजे एका मापाने आठवडा जवळपास संपला आणि दुसऱ्याने तो केव्हाच ओलांडला. अमेरिकी बाजारातील सार्डिनची सरासरी ०.०१३ मिलिग्रॅम आहे. तेवढ्याच सार्डिनमधून जेमतेम दोन मायक्रोग्रॅम जातात. आपली तारली याच सार्डिनच्या कुळातील आहे.

तेव्हा आपल्या मुलीने मासे सोडू नयेत, मासा बदलावा. तिला मिळालेली यादी बहुधा अमेरिकी शासनाच्या सल्ल्यावर बेतलेली असावी. त्या सल्ल्यात टाळण्याचे सात मासे आहेत : किंग मॅकरेल, मार्लिन, ऑरेंज रफी, शार्क, तलवार मासा, मेक्सिकोच्या आखातातील टाइलफिश आणि बिगआय ट्यूना. मात्र त्याच सल्ल्यात कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन ते तीन वेळा अवश्य खावेत असेही लिहिले आहे, आणि घाबरलेल्या वाचकाचे नेमके तेच वाक्य वाचायचे राहून जाते. माशातील ओमेगा तीन मेदाम्ले गर्भाच्या मेंदूला हवी असतात. बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी आणि तिथे सहज मिळणारा सामन (सॅल्मन) यांवर हे महिने सुखाने निघतील. मोठ्या सुरमईच्या ताटभर तुकड्या या काळात नकोत. लहान सुरमई क्वचित खाल्ली तर घाबरण्याचे कारण दिसत नाही, पण पाकिटातल्या कापलेल्या तुकड्या लहान माशाच्या की मोठ्या, हे तिला कळणार कसे? शेवटचा शब्द अर्थात तिच्या डॉक्टरांचा.

आपल्या बाळंतपणांविषयी एवढेच म्हणतो की आपली मुले उत्तम आहेत याचा आनंद आहे, परंतु त्यावरून सुरमई निर्दोष ठरत नाही. आहारातून येणाऱ्या पाऱ्याचा गर्भावरील परिणाम एका मुलाकडे पाहून दिसत नाही. तो शेकडो मुलांच्या चाचण्यांच्या सरासरीत, तोही थोड्या गुणांच्या फरकाने दिसतो. फेरो बेटांवर, जिथे पायलट व्हेल खाल्ला जातो, १९८६–८७ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा झाला आणि असा फरक दिसला. सेशेल्स बेटांवर लोक जवळपास रोज मासे खातात. तिथल्या मुलांत मात्र तसा ठाम परिणाम आढळला नाही. व्हेलच्या मांसातील पारा एकदम मोठ्या मात्रेत येतो आणि सेशेल्सच्या मुलांना माशातील पोषक घटकांनी हात दिला, असे या तफावतीचे एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि मला ते पटते.

प्रश्न : एकाच वजनाच्या दोन माशांत पारा सारखाच असतो का? माशाचे वय ओळखता येते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : सारखा नसतो. वजन हे वयाचे ढोबळ माप आहे, वय नव्हे. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे न्यूझीलंडजवळच्या खोल पाण्यातला ऑरेंज रफी. तो जेमतेम हातभर लांबीचा असतो. बाजारात पाहिला तर त्याच्याकडे कुणी संशयाने पाहणार नाही, पण तो शंभर वर्षांहून अधिक जगतो. ताटातला मासा खाणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. त्याच्यात पाऱ्याची सरासरी किलोमागे ०.५७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे आकाराने कितीतरी मोठ्या असलेल्या यलोफिन ट्यूनापेक्षा (०.३५) जास्त. उलट जो मासा भरभर वाढतो आणि थोडीच वर्षे जगतो तो मोठा दिसूनही तुलनेने स्वच्छ राहू शकतो. खोलीचाही संबंध आहे : हवाई बेटांजवळच्या शिकारी माशांच्या अभ्यासात खोल पाण्यात चरणाऱ्या जातींत पारा अधिक आढळला, कारण मिथाइल मर्क्युरी मुख्यतः तिथेच तयार होते.

वयाचे म्हणाल तर माशाच्या कानात चुनखडीचे खडे असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांत वर्तुळे पडतात. आपल्याकडे ढोमा खाणाऱ्यांनी डोके फोडताना दाताखाली येणारे दोन कठीण पांढरे खडे पाहिलेच असतील, तेच ते. प्रयोगशाळेत खड्याची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळे मोजतात. आपल्या उष्ण पाण्यात ऋतूंचा फरक सौम्य असल्याने ती थंड समुद्रातल्या माशांइतकी ठळक उमटत नाहीत, त्यामुळे हे काम किचकट होते. बाजारात उभे राहून मात्र लांबी पाहणे एवढाच उपाय आहे. सुरमई दोन मीटरच्या पुढे आणि सत्तर किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे. ज्या सुरमईची एक तुकडी बशी झाकते आणि जिच्यासाठी आपण जास्त भाव मोजतो, तिची खातेवहीही तेवढीच जाड असणार. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण मलाही तीच तुकडी आवडते.

प्रश्न : मासे लिंबू किंवा आगळ लावून ठेवल्यास, कातडी काढल्यास किंवा खरपूस तळल्यास पारा निघून जातो का? सुक्या मासळीत तो जास्त असतो असे ऐकले. गाबोळीचे काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लिंबाने जात नाही, आगळाने जात नाही आणि तळल्यानेही जात नाही. काही कीटकनाशके आणि औद्योगिक तेले माशाच्या चरबीत साठतात, तिथे कातडी आणि चरबी काढण्याचा उपयोग होतो. मिथाइल मर्क्युरी मांसातच, प्रथिनांना बांधलेली असते. ती काढायची तर मासाच काढावा लागेल. तळताना पाणी उडून जाते, त्यामुळे वजनाच्या प्रमाणात पारा उलट थोडा जास्त दिसतो, पण तुकडीतला एकूण पारा तेवढाच राहतो.

सुक्या मासळीचेही तेच. बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. वाळला की किलोमागचा आकडा चढतो, पण एक सुका बोंबील म्हणजे एक ओला बोंबीलच. जवळ्याची तर चिंताच नको. तो अन्नसाखळीच्या तळाजवळचा, काही महिन्यांच्या आयुष्याचा जीव आहे. जपायचे तर सुक्या मोरीच्या बाबतीत, कारण ती शार्क आहे. गाबोळीत त्याच माशाच्या मांसापेक्षा पारा बराच कमी असतो. मादी आपल्या साठ्यातला फारच थोडा भाग अंड्यांत उतरवते.

प्रश्न : पूर्वी समुद्र स्वच्छ होता, तेव्हाच्या माशांत पारा नसणारच ना? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : होता. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ट्यूना आणि तलवार माशांतील पाऱ्यावरून खळबळ उडाली, तेव्हा काही संशोधकांनी संग्रहालयात जपून ठेवलेले सात ट्यूना आणि एक तलवार मासा तपासले. त्यांतले ट्यूना ६२ ते ९३ वर्षांपूर्वी पकडलेले होते. त्यांच्यातील पारा नव्या माशांच्याच पट्ट्यात निघाला आणि १९७२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. मासेमारी उद्योगाला हा निकाल अर्थातच फार आवडला. पण आठ नमुन्यांवर किती भार टाकायचा? माशांची वये जुळवल्याशिवाय अशी तुलना लंगडी राहते, आणि वर्षानुवर्षे द्रवात बुडवून ठेवलेल्या मांसाची मोजणीही सरळ नसते. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्या-चांदीच्या खाणींनी पारा सोडायला केव्हाच सुरुवात केलेली होती, म्हणजे तो काळही निर्मळ नव्हता. २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अंदाजाप्रमाणे माणसाच्या उद्योगांमुळे समुद्राच्या वरच्या थरातील पारा सुमारे तिप्पट झाला आहे.

याहून बोलका अभ्यास २०२४ साली आला. १९७१ ते २०२२ या काळात पकडलेल्या सुमारे तीन हजार ट्यूनांची आकडेवारी माशांच्या लांबीचा फरक जमेस धरून पाहिली, तेव्हा पाऱ्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी जवळपास स्थिर दिसले, आणि तेही युरोप-अमेरिकेने या काळात हवेत सोडलेला पारा बराच घटवूनसुद्धा. याचे कारण असे मानले जाते की खोल पाण्यात जुना पारा साठून राहिला आहे आणि तो हळूहळू वर येत राहतो. आज धुराडी थांबली तरी माशातला आकडा खाली यायला दशके लागतील. म्हणून २०१३ साली जपानमध्ये झालेला आणि २०१७ साली अमलात आलेला, पाऱ्याचा वापर आणि उत्सर्जन घटवण्यासाठीचा मिनामाता करार, ज्याला भारताने २०१८ साली मान्यता दिली, त्याचे फळ आजच्या गिऱ्हाइकाला मिळणार नाही. आपल्या नातवंडांना मिळेल.

प्रश्न : त्याच मिनामाताची हकीकत वाचली. ठाणे खाडीत आम्ही लहानपणापासून निवट्या आणि बोय पकडतो. ते तर लहान मासे. मग त्यांत पारा नसेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘लहान मासा, कमी पारा’ हा नियम खुल्या समुद्राचा आहे. जिथे कारखान्याचा पारा थेट पाण्यात पडतो तिथे वयापेक्षा पत्ता महत्त्वाचा ठरतो. जपानमधल्या मिनामाता शहरात चिस्सो कंपनीचा कारखाना अॅसिटाल्डिहाइड बनवताना तयार झालेली मिथाइल मर्क्युरीच उपसागरात सोडत होता. जिवाणूंच्या रूपांतराची वाटही पाहावी लागली नाही, आणि उथळ पाण्यातले लहान मासे व शिंपलेसुद्धा विषारी झाले. आधी मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचत मेली. १ मे १९५६ रोजी माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारण मान्य करायला सरकारने १९६८ साल उजाडू दिले. अनेक मातांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि त्यांची बाळे मात्र गंभीर आजार घेऊन जन्मली, कारण मिथाइल मर्क्युरी वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, ओलांडून जाते आणि बाळाच्या रक्तात आईपेक्षाही अधिक साठते.

ठाणे खाडी म्हणजे मिनामाता नव्हे. तरी खाडीतील पाऱ्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच केली होती आणि पुढे उल्हास नदीच्या मुखाकडील चिखलातही तो मोजला गेला. त्या काळी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत पाऱ्याचे सेल, म्हणजे विद्युत-विघटनाची पारा भरलेली पात्रे, वापरत. ते तंत्र आता मागे पडले आहे, पण चिखल विसरत नाही. जुना पारा थरांखाली गाडला जातो आणि गाळ उपसला की पुन्हा वर येतो. निवटी त्याच चिखलात बीळ करून जन्म काढते आणि बोय तोच चिखल चाळून पोट भरतो. त्यामुळे लहान आहेत एवढ्यावरून मी त्यांना निर्धोक म्हणणार नाही. अधूनमधून हौस म्हणून खाणे वेगळे, पण घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या ताटात खाडीऐवजी समुद्रातली मांदेली वाढावी. ती स्वस्तही पडते.